पॅरिस ते नीस: मोटरवे कुठे धरावा आणि कुठे सोडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या उत्तरार्धात पुण्याहून चौघं येताय, तुम्ही दोघं आणि सत्तरीच्या आसपासचे सासू-सासरे. अकरा रात्री हातात आहेत, पॅरिसपासून नीसपर्यंत जायचं आहे, गाडी भाड्याची. नवऱ्याचं म्हणणं, सरळ मोटरवे धरू, वेळ वाचेल. तुमचं म्हणणं, मोटरवेवरून फ्रान्स दिसणारच नसेल तर गाडी घ्यायची कशाला? आतल्या रस्त्यांनी वेळ किती जास्त लागेल, वडीलधाऱ्यांना झेपेल का, आणि असे रस्ते शोधायचे कसे, हे तुम्ही विचारलं आहे.

मी ल्योंमध्ये राहतो आणि मराठी कुटुंबांना फ्रान्समधल्या गाडीच्या सहली आखून देतो. हा वाद जवळजवळ प्रत्येक घरात होतो आणि बहुतेक घरांत दोन्ही बाजू बरोबर असतात. चूक होते ती रस्ता आधी ठरवण्यात. आधी दिवस ठरवा. या सहलीत दोन जातींचे दिवस असू द्या: एक उडीचा दिवस, एक रस्त्याचा दिवस. उडीच्या दिवशी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पोचायचं, बस्स. रस्त्याच्या दिवशी रस्ता हेच मुक्कामाचं ठिकाण असतं, आणि संध्याकाळी झोपायला फार लांब जायचं नसतं. या दोन्हींची सरमिसळ केली की दिवस हमखास बिघडतो.

हे मी स्वतः मोजलेल्या किमतीवर सांगतो. फ्रान्समध्ये आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन ल्योंहून सार्लाला निघालो. मधला सगळा डोंगराळ मुलूख एका दिवसात, मोटरवेला न शिवता. दुपारी तीनपर्यंत आनंदात होतो. मग घड्याळ पाहिलं, आणि त्यानंतर कुठेच थांबलो नाही. सलेरसारख्या गावाच्या चौकातून, काळ्या लाव्हाच्या दगडात बांधलेल्या त्या घरांमधून, गाडी न थांबवता पुढे काढली. मुलगी मागे रडत होती. साडेदहाला हॉटेलवर पोचलो तर स्वागतकक्ष केव्हाच बंद झालेला, कारण फ्रान्समधल्या गावाकडच्या लहान हॉटेलांत रात्री आठ-नऊनंतर कोणी नसतं. सुंदर रस्ता निवडला होता, पण दिवस उडीचा होता. सलेर नीट बघायला मला पुढे पाच वर्षं लागली.

आता आकडे. मोटरवेवर मर्यादा ताशी १३० किलोमीटर आहे, पाऊस असेल तर ११०. थांबे धरून हाताशी ताशी शंभरेक किलोमीटर पडतात. आतल्या दुपदरी रस्त्यांवर १ जुलै २०१८ पासून मर्यादा ८० झाली. नंतर काही जिल्ह्यांनी आपल्या काही रस्त्यांवर ९० परत आणली, म्हणून पाटी बघत चालायचं. पण ८० हा आकडा तुम्हाला फसवेल. दर चार-पाच किलोमीटरला गाव येतं. लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी दिसली की मर्यादा आपोआप ५० होते, वेगळा आकडा लिहिलेला नसतो, आणि नावावर आडवी रेघ मारलेली पाटी येईपर्यंत ती लागू राहते. वळणं, ट्रॅक्टर, सायकलवाले धरून चालत्या गाडीचा सरासरी वेग ५० पडतो, डोंगरात ४०. चहा, फोटो, बाबांचे गुडघे मोकळे करणं धरलं तर तीस-पस्तीस. म्हणून माझा नियम असा: रस्त्याच्या दिवशी १५० किलोमीटर, फार तर १८०. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवेल त्याची दीडपट धरा. तरुण जोडपी २५० चा हट्ट धरतात आणि परत आल्यावर सांगतात की दीडशेच बरे होते.

पैशाचा मुद्दा तुमच्या नवऱ्याने काढलेला नाही, पण तो निघेलच. पॅरिस ते ल्यों मोटरवेचा टोल ३५ ते ४० युरोंच्या घरात जातो. तो वाचवण्यासाठी म्हणून आतला रस्ता धरू नका. फोनमध्ये ‘टोल टाळा’ असं बटण असतं. ते दाबलं की तुम्हाला निसर्गरम्य रस्ता मिळतो हा फार मोठा गैरसमज आहे. तुम्हाला मिळतो तो टोल चुकवणाऱ्या मालट्रकांचा रस्ता. नकाशावर लाल रंगाचे, एन अक्षराचे राष्ट्रीय मार्ग, म्हणजे दर शहराबाहेर गोदामं, फर्निचरची दुकानं, एकामागून एक वर्तुळाकार चौक, आणि पुढे ट्रकची शेपटी. मोटरवेचा वेगही नाही आणि गावाचा निवांतपणाही नाही. निवड करायची ती ए आणि डी यांच्यात. ए म्हणजे मोटरवे, डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. मधल्या एनवर शक्य तितकं कमी राहा.

‘एन ७’ बद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल, कारण पॅरिस ते नीस म्हटलं की कोणी ना कोणी ते नाव काढतंच. पॅरिसहून इटलीच्या सीमेवरच्या माँताँपर्यंत जाणारा हा जुना सुट्टीचा रस्ता. मोटरवे होण्याआधी अख्खा उत्तर फ्रान्स याच रस्त्याने समुद्राकडे जायचा, आणि आजही त्याच्या आठवणींवर लोक जीव टाकतात. मला ती ओढ समजते. पण आजच्या एन ७ वर, विशेषतः ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, कारखाने आणि चौकच जास्त आहेत. तुमच्या अकरा रात्रींतला एकही दिवस मी त्यावर घालवणार नाही.

तसंच पॅरिसच्या दक्षिणेचा बोस नावाचा गव्हाचा सपाट पट्टा. क्षितिजापर्यंत शेतं, मधूनच एखादा चर्चचा मनोरा. दहा मिनिटं छान वाटतं, दोन तास नाही. सपाट मुलखात आतला रस्ता तुम्हाला फक्त उशीर देतो. जमीन जिथे दुमडलेली आहे, नदीने कापलेली आहे, तिथेच आतल्या रस्त्याचं सार्थक होतं. आपल्याकडे सोलापूरच्या माळावरून जाताना आणि वरंध घाट उतरताना गाडीत जो फरक पडतो, तोच.

म्हणून माझा सल्ला थोडा अनपेक्षित वाटेल: पहिली उडी गाडीने मारूच नका. पॅरिसला तीन रात्री गाडीशिवाय राहा, मग बेर्सी स्थानकावरून क्लेरमाँ-फेराँला जाणारी रेल्वे पकडा, साधारण साडेतीन तास. गाडी तिथे घ्या. उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा पहिला तास पॅरिसच्या रिंगरोडवर काढणं म्हणजे चौघांच्याही जिवाला घोर. क्लेरमाँहून दक्षिणेला जाणारा ए ७५ मोटरवे बेझियेपर्यंत जातो आणि मियोचा पूल सोडला तर त्याला टोल नाही. रुंद, चढउताराचा, नजारे असलेला मोटरवे आहे, हात बसवायला उत्तम. एक काळजी घ्या: लहान शहरांतली गाडी भाड्याने देणारी कचेरी दुपारी बारा ते दोन बंद असू शकते, आणि रविवारी तर बहुधा बंदच. रेल्वे त्या हिशोबाने निवडा. स्वयंचलित गियरची गाडी हवी असेल तर आरक्षण करतानाच तसं मागा, इथे हाताने गियर टाकायची गाडी हीच रीत आहे. आंतरराष्ट्रीय परवाना पुण्याच्या आरटीओतूनच काढून आणा, इथे आल्यावर तो मिळत नाही. मूळ लायसन्सही सोबत हवं.

आता नकाशा. कागदी नकाशा घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. मिशलिनचे प्रादेशिक नकाशे पुस्तकांच्या दुकानात आणि पेट्रोल पंपांवर मिळतात. त्यात काही रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते. त्याचा अर्थ, हा तुकडा बघण्यासारखा आहे. एवढी एक गोष्ट शिकलात तरी सहल निम्मी आखून झाली. पांढरा किंवा पिवळा रस्ता आणि त्याला हिरवी किनार, हे तुमचं सावज. दुसरी खूण बाणांची: रस्त्यावर छोटे बाण चढाच्या दिशेने काढलेले असतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून तीव्र. सासूबाईंना गाडी लागत असेल तर तीन बाणांचा रस्ता जेवणानंतर लगेच घेऊ नका.

फोन वापरायचाच, पण त्याच्या तोंडी लगाम घालून. मुक्कामाचं ठिकाण टाकून मोकळं झालात तर तो तुम्हाला लवकरात लवकर पोचवायचा प्रयत्न करणार. त्याऐवजी कागदी नकाशावर हिरव्या रेघेवरची तीन-चार गावं निवडा आणि तीच क्रमाने फोनमध्ये थांबे म्हणून भरा. नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये तासन्‌तास रेंज नसते.

रस्त्यांच्या क्रमांकांचा एक गोंधळ आधीच समजून घ्या. डी रस्त्यांचे क्रमांक जिल्हा देतो, म्हणून जिल्ह्याची हद्द ओलांडली की तोच रस्ता नाव बदलू शकतो. त्यात २००६ च्या सुमारास सरकारने हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय मार्ग जिल्ह्यांकडे सोपवले आणि एनचे डी झाले. पण यात एक युक्ती दडली आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक आहे. नीसचा जिल्हा ०६. तिथे जुन्या एन ७ ला आता डी ६००७ म्हणतात, म्हणजे सहा आणि सात. जुन्या एन ८५ ला नीसच्या जिल्ह्यात डी ६०८५ आणि शेजारच्या ०४ क्रमांकाच्या जिल्ह्यात डी ४०८५. चार आकडी डी दिसला की त्यातून जुना राष्ट्रीय मार्ग बहुधा असा ओळखता येतो. हे शेवटच्या दिवशी तुमच्या कामी येणार आहे. आणि एकूणच क्रमांकापेक्षा पुढच्या गावाचं नाव लक्षात ठेवून चाला. फ्रेंच पाट्या गावांची नावं सांगतात, दिशा सांगत नाहीत.

आता तुमच्या आठ रात्री. पहिल्या दोन ओव्हेर्न्यच्या ज्वालामुखींत, म्युरा किंवा सलेरच्या आसपास. क्लेरमाँहून ए ७५ ने मासियाक, तिथून म्युरा. दुसऱ्या दिवशी प्वी मारी या शिखराचा फेरा. पा द पेरोल ही खिंड १५८८ मीटरवर आहे, मासिफ सॉन्त्राल या पठारातली मोटारीने गाठता येणारी सर्वांत उंच. तीन बाणांचा चढ आहे, पण अंतर थोडं. हिवाळ्यात ती बंद असते, जूनमध्ये उघडी. वरून पुढे शिखरापर्यंत पायऱ्या आहेत. त्या तुम्ही दोघं चढा, सासू-सासऱ्यांना खाली खिंडीतल्या उपाहारगृहात बसवा, तिथून दिसणारं दृश्यही कमी नाही. परतताना सलेरला उतरा. त्या चौकात थांबा.

तिसरा दिवस माझ्या नियमाला अपवाद: अर्धी उडी, अर्धा रस्ता. सँ-फ्लूरच्या पुढे ए ७५ वरूनच गाराबीचा रेल्वेपूल दिसतो, लाल रंगाची लोखंडी कमान, आयफेलच्या कंपनीने १८८४ मध्ये पुरी केलेली, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याच्या आधीची. मोटरवेवरच विश्रांतीची जागा आहे, तिथून बघा. मग सँ-शेली-दापशेच्या आसपास मोटरवे सोडून ओब्राकच्या पठारावर चढा आणि नास्बिनालला जेवा. हा मुलूख कोकणच्या सड्यासारखा उघडा आहे: गवत, दगडी बांध, पिंगट गायी, आणि आभाळ. इथला पदार्थ आलिगो. कुस्करलेल्या बटाट्यात ताजं तोम चीज घोटतात, हात वर नेला की तार निघते. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलं आहे, तर हा पदार्थ तुमच्यासाठीच आहे, फक्त त्याच्या शेजारी सॉसेज येतं ते नको म्हणा. ‘साँ व्याँद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासे नको. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात आणि कित्येकांना त्यात मांस आहे असं वाटतच नाही. आणि कडक पाळणाऱ्यांसाठी सांगतो, इथली बरीचशी पारंपरिक चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या द्रव्याने, विरजलेली असतात. ते चालतं की नाही हे घरीच ठरवून या.

जेवणाची वेळ हा या रस्त्यांवरचा सर्वांत कठोर कायदा आहे. गावातलं स्वयंपाकघर बाराला उघडतं आणि दीडला आटोपतं. पावणेदोनला गेलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही. मोटरवेवर दिवसभर खायला मिळतं, आत मिळत नाही. म्हणून रस्त्याच्या दिवशी मी सकाळचा कार्यक्रम जेवणावरून मागे मोजत आखतो: साडेबाराला कुठल्या गावात असायचं, ते आधी. सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात. त्या दिवसासाठी सकाळी पाव, टोमॅटो, जर्दाळू घेऊन ठेवा, बाकडी-टेबलं रस्त्याकडेला जागोजागी आहेत. पुण्याहून दशम्या, चिवडा, कोरड्या चटण्या जरूर आणा. तूप, पेढे, चक्का आणू नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

तिसरा आणि चौथा मुक्काम सँत-एनिमी किंवा फ्लोराक. या अख्ख्या उत्तरातलं मला सर्वांत जवळचं ठिकाण हे. तार्न नदीने चुनखडीच्या पठारात चारशे-पाचशे मीटर खोल चीर घातली आहे, आणि डी ९०७ बिस हा रस्ता त्या चिरेच्या तळातून, नदीच्या कडेकडेने जातो. कुठे खडक रस्त्यावर छपरासारखा झुकलेला, कुठे बोगदा, खाली हिरवं पाणी, पलीकडच्या तीरावर रस्ताच न पोचलेली घरं. सँत-एनिमी, ला मालेन, ल रोझिए, असा नदीच्या प्रवाहाबरोबर जाणारा क्रम ठेवा. याला कारण आहे. रस्ता नदीच्या उजव्या तीरावर आहे आणि इथे गाडी उजवीकडून चालते. प्रवाहाबरोबर गेलात की तुमची मार्गिका खडकाला लागून राहते आणि मोकळी बाजू समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. उलट गेलात की सासूबाईंच्या खिडकीखाली सरळ नदी. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांच्यासाठी हा एक निर्णय पूर्ण दिवस बदलून टाकतो, आणि तो कुठल्याच फोनवर दिसत नाही. सकाळी नऊच्या आत निघा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे होडीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागते, जूनमध्ये सकाळ तुमची असते.

ल रोझिएहून पुढे मियोपर्यंत जा. तिथला पूल २००४ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला, ३४३ मीटर उंच. मोटरवेने त्यावरून गेलात तर तो तुम्हाला दिसतच नाही, वाऱ्यासाठी लावलेले पडदे आणि वरचे दोर तेवढे दिसतात. बघायचा तर खालच्या रस्त्याने, शेजारच्या पेर गावातून. नवऱ्याला हा पूल बघायचाच असेल असं मी गृहीत धरतो, आणि तो आतल्या रस्त्यानेच चांगला दिसतो हे त्यांना तिथेच दाखवा.

परतताना ल रोझिएहून जाँतच्या दरीने मेरुईसकडे वळा. कड्यांवर बघा, गिधाडं असतील. ती इथून नाहीशी झाली होती आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुन्हा आणून सोडली गेली. आज त्यांची मोठी वस्ती आहे. गुरांच्या औषधातल्या डायक्लोफिनॅकमुळे आपल्याकडची गिधाडं कशी संपली हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना इथे डोक्यावर वीस-पंचवीस एकत्र घिरट्या घालताना बघून काय वाटतं, ते मला शब्दांत सांगता येत नाही. माझे वडील इथे अर्धा तास गाडीबाहेर उभे होते. मेरुईसहून कॉस मेजाँचं पठार ओलांडून सँत-एनिमीला उतरा. पठारावर हजार मीटर उंचीवर गवत आणि वारा, माणूस क्वचित, आणि मग अचानक पायाखाली ती दरी. सगळा फेरा १४० किलोमीटरच्या आसपास. पूर्ण दिवस द्या.

पुढचा दिवस कॉर्निश दे सेवेन: फ्लोराकच्या बाजूने सुरू होऊन डोंगराच्या माथ्यावरून सँ-जाँ-द्यु-गारला उतरणारा रस्ता. वळणं अखंड आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, दर पाऊण तासाला थांबा, औषध घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी. खाली उतरलात की हवा बदलते, रातकिडे, ऑलिव्ह, चुन्याचा पांढरा उजेड. युझेसला दोन रात्री. शनिवार मिळाला तर तिथला आठवडी बाजार बघा. पण आदल्या रात्री गाडी लावताना पाटी वाचा. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून चौकात गाडी लावायला बंदी असते आणि गाडी उचलून नेतात. हे जवळपास प्रत्येक बाजाराच्या गावात आहे. पाँ द्यु गार हा रोमनांचा पाण्याचा पूल युझेसहून जवळच.

युझेस ते मुस्तिए-सँत-मारी हा उडीचा दिवस. दोनशेच्या वर किलोमीटर आहेत, मन घट्ट करून मोटरवे धरा: ए ७, एक्सजवळून ए ५१, मानोस्कला उतरा. त्यानंतर व्हालाँसोलचं पठार. लॅव्हेंडरचा फुलोरा इथे जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरात येतो आणि जुलैच्या मध्यापासून कापणी होते, तुमच्या तारखा जमताहेत. शेतात शिरू नका, मधमाश्या आणि शेतकरी दोघंही कामात असतात.

मुस्तिएहून व्हर्दाँची दरी. तिला दोन बाजूंनी दोन रस्ते: उत्तरेचा डी ९५२ आणि दक्षिणेचा डी ७१, ज्याला उदात्त कड्याचा रस्ता म्हणतात. पुस्तकं दोन्हींची स्तुती करतात. तुम्ही पश्चिमेकडून पूर्वेला जाताय आणि सोबत वडीलधारे आहेत, म्हणून दक्षिणेचा घ्या, एग्विनवरून. कारण तेच: पूर्वेला जाताना दरी डावीकडे राहते आणि तुम्ही डोंगराच्या अंगाने. पुढे काँप-स्यूर-आर्त्युबी, आणि मग डी ६०८५ ला लागून ग्रास, नीस. चार आकडी क्रमांक, सहा आणि पंच्याऐंशी. हाच तो नेपोलियन मार्ग. १८१५ च्या मार्चमध्ये एल्बाहून निसटून आलेला नेपोलियन किनाऱ्यावर उतरून याच वाटेने वर ग्रनोब्लकडे गेला होता. तुम्ही उलट, समुद्राकडे उतरताय. या शेवटच्या उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवू नका, गियर खाली आणा.

गाडी चालवण्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण अपघात यांतूनच होतात. पहिली, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. गावात आणि लहान रस्त्यांवर, वेगळी खूण नसेल तर उजव्या गल्लीतून येणारी गाडी आधी जाते, तुम्ही कितीही मोठ्या रस्त्यावर असा. पांढऱ्या किनारीचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला तर हक्क तुमचा. त्यावर काळी रेघ आली की तो संपला. तिथून प्रत्येक उजव्या गल्लीला पाय ब्रेकवर. दुसरी, बाजू विसरणं. गर्दीत कोणी विसरत नाही, समोरची गाडी वाट दाखवते. विसर पडतो तो निर्मनुष्य गावात, जेवण करून किंवा पंपावरून बाहेर पडताना, पुढे-मागे एकही गाडी नसताना. हात जुन्या सवयीने डावीकडे वळतात. दर वेळी गाडी सुरू झाली की शेजारच्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, हे काम तुम्ही घ्या. मी आजही भारतातून परतल्यावर पहिले चार दिवस बायकोला हे म्हणायला सांगतो.

सायकलस्वाराला गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडूनच ओलांडा, तसा नियमच आहे. ‘ग्राव्हियाँ’ लिहिलेली पाटी दिसली तर रस्त्यावर ताजी खडी आहे, वेग उतरवा. पेट्रोल सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त पडतं, पण रविवारी तिथे माणूस नसतो आणि यंत्र पिनचं कार्ड मागतं, आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतं. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा आणि कॉस पठारावर चढण्याआधी टाकी भरा. डिझेलला इथे ‘गाझ्वाल’ म्हणतात.

सासू-सासऱ्यांना झेपेल का, याचं उत्तर: मोटरवेवरच्या सलग पाच तासांपेक्षा हे दीडशे किलोमीटर त्यांना सोपे जातील, थांबे हवे तिथे घेता येत असतील तर. अडचण एकच, स्वच्छतागृहाची. मोटरवेवर ती दर थोड्या अंतरावर असतात. आत गावच्या नगरपालिकेच्या इमारतीजवळ शोधा, नाहीतर कॅफेत एक कॉफी घ्या आणि विचारा. सकाळी निघताना पहिला थांबा पाऊण तासावर ठरवूनच निघा.

आरक्षण या क्रमाने करा: आधी सँत-एनिमी किंवा फ्लोराकच्या दोन रात्री, कारण तिथे खोल्या कमी आहेत, मग मुस्तिए, मग क्लेरमाँची गाडी. नीसला एकच रात्र उरते. गाडी विमानतळावर परत करायची ती उड्डाणाच्या दिवशी नाही, आदल्या संध्याकाळी, आणि तिथून ट्रामने शहरात या.